सात वाजताचं मिल्किंग

गेली दोन वर्षं साधनाबाई पिस्तूल नेमबाजीत जिल्ह्यात तिसऱ्या आल्या होत्या. ऐकणाऱ्याला वाटायचं, पंचेचाळिशी उलटलेली बाई, घर-गोठा सांभाळून तिसरी येते, म्हणजे काय खायचं काम आहे का. असं कौतुक करणाऱ्याला साधनाबाई मध्येच थांबवत नसत. त्यांच्या वयोगटात जिल्ह्यात एकूण बायकाच तीन होत्या, ही माहिती आपण होऊन द्यायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

तिघींतल्या पहिल्या दोघी राज्यस्पर्धेला पुण्याला जायच्या. तिसरी बदनापूरच्या अलीकडच्या आपल्या गावी परत यायची आणि म्हशीला वैरण घालायची.

छर्रे मारायचं ते पिस्तूल खरं तर मुलाचं, मिथुनचं. कॉलेजात असताना त्याला नेमबाजीचा नाद लागला आणि नोकरी लागल्यावर तो नाद सुटला. पिस्तूल तेवढं कपाटात राहिलं. त्याला सरावाला सोडायला म्हणून साधनाबाई जायच्या, बाकावर बसून मेथी निवडायच्या. एकदा प्रशिक्षक तौफिक सर गमतीनं म्हणाले, "काकू, एक शॉट मारून बघा." काकूंनी मारला. कागदावर कुठंतरी भोक पडलं, आणि काकूंच्या डोक्यात काहीतरी उघडलं. कारण पिस्तूल उचलून उभं राहिलं की कुणी हाक मारत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. चहा दे नाही, टॉवेल कुठाय नाही, दूधवाला आलाय नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना कुणी हाक न मारणारी जागा सापडली होती. ती त्या सोडणार होत्या थोड्याच.

यंदा मात्र गोष्ट गळ्याशी आली होती. त्यांचे मालक साहेबराव वाईट माणूस नव्हते, पण हिशेबी होते. दिवाळीतच त्यांनी सांगून टाकलं होतं, "औंदा राज्याला गेलीस तर गेलीस. न्हाई तर ती बंदूक मिथुनच्या दोस्ताला देऊन टाकू. शनिवार-रविवार मी किती दिवस एमआयडीसीच्या चकरा मारू?"

साधनाबाईंचा दोष एकच होता आणि तो मोठा इमानदार होता, कधी सुट्टी घ्यायचा नाही. हात स्थिर, नजर साफ, श्वास बरोबर. पिस्तुलाच्या नळीवरची, नेम धरायची माशी मागच्या खाचेत अशी बसायची, की बघणाऱ्यानं खूश व्हावं. आणि चाप ओढायच्या क्षणी छर्रा जायचा खाली डावीकडं. नेमबाज लोक कागदाला घड्याळ समजतात. वर लागला तर बारा वाजता, उजवीकडं लागला तर तीन वाजता. साधनाबाईंचे छर्रे लागायचे सात वाजता. तौफिक सर दुर्बिणीतून बघायचे आणि म्हणायचे, "काकू, पुन्हा सात." एमआयडीसीतल्या ज्या बंद गोदामात हा सराव चालायचा, तिथं पूर्वी बियाण्याला औषध चोळायचे. फरशी अजून लालगुलाबी होती. साधनाबाई घरी यायच्या त्या गुलाबी तळव्यांनी आणि पडलेल्या तोंडानं.

तौफिक सर तिशीच्या आतले, हुशार, पण त्यांचं सगळं ज्ञान मोबाइलमधून आलेलं. परदेशातल्या कुठल्यातरी उस्तादाचे व्हिडिओ बघून ते शिकायचे आणि शिकलेलं पोटात ठेवायचं त्यांना जमत नसे. एका संध्याकाळी असाच एक व्हिडिओ बघता बघता त्यांना काकूंच्या दोषाचं नाव सापडलं. नाव सापडलं म्हणजे रोग बरा झाला, अशा आनंदात त्यांनी लगेच फोन लावला. साधनाबाई तेव्हा गोठ्यात होत्या. फोन साहेबरावांनी उचलला.

"काका, काकूंचा दोष सापडला," तौफिक सर म्हणाले. "मिल्किंग."

"काय?"

"मिल्किंग. काकूंचं मिल्किंग बिलकुल बंद व्हायला पाहिजे. त्याच्यामुळंच सगळे सात वाजता जाऊन राह्यले."

आता दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, मिल्किंग म्हणजे काय. पण साहेबरावांनी म्हैसपालनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, त्याचं सर्टिफिकेट दिवाणखान्यात टांगलं होतं, आणि मिल्किंग म्हणजे धार काढणं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. बरोबर सात वाजले होते. गोठ्यातून धारेचा आवाज येत होता. साहेबराव मनातून चरकले. पोरगं जालन्यात बसून सांगतंय म्हणजे साधं पोरगं नव्हे.

"सातचंच बंद करायचं, का सकाळचं पण?" त्यांनी विचारलं.

"सकाळ न्हाई, संध्याकाळ न्हाई. महिनाभर बोटांना ती आदतच न्हाई पाहिजे. जे चांगले लोक आहेत ना काका, ते मिल्किंग करतच न्हाईत."

हे शेवटचं वाक्य साहेबरावांना जरा लागलं. पण ते मोठ्या मनाचे होते, त्यांनी ते पोटात घातलं.

साधनाबाई बादली घेऊन घरात आल्या तेव्हा साहेबराव दारातच उभे होते. "उद्यापासून म्हशीला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "सरांचा फोन आल्ता. तुझी बोटं धार काढू काढू बिघडलेत म्हने. म्हून नेम चुकून राह्यला."

"मंग धार कोन काढणार?"

साहेबरावांनी छाती थोडी पुढं काढली. "मी."

साधनाबाईंनी आपल्या बोटांकडं पाहिलं. खरंच असेल, त्यांना वाटलं. इतकी वर्षं दोन्ही वेळा हीच बोटं आवळत आली, ती पिस्तुलावर गेली म्हणून काय शहाणी होणार? आणि दुसरा विचार आला तो एवढा गोड होता, की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी बादली उगाच दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. उद्या पहाटे उठायचं नव्हतं.

म्हशीचं नाव चिमणी. हे नाव कुणी आणि कोणत्या लहरीत ठेवलं कोण जाणे, कारण दारातून आत येताना तिच्या दोन्ही कुशी चौकटीला घासायच्या. चिमणीला साधनाबाईंखेरीज कुणाचा हात चालत नसे. पहिल्या दिवशी तिनं साहेबरावांना हुंगलं आणि पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी बादलीत पाय घातला. तिसऱ्या दिवशी तो पाय तिनं साहेबरावांच्या मांडीवर ठेवला आणि विचारपूर्वक तिथंच राहू दिला. साधनाबाई माजघरातून ऐकत होत्या. उठून जावंसं त्यांना दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा सरांचा हुकूम आठवून त्या खाली बसल्या.

चौथ्या दिवशी साहेबरावांनी बायकोचं जुनं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि अंधारात चिमणीजवळ बसले. चिमणीनं हुंगलं. ओळखीचा वास आला. तिनं सुस्कारा सोडला आणि दूध दिलं. साहेबराव बादली घेऊन विजयी वीरासारखे बाहेर आले, ते नेमके दूध संकलनाला आलेल्या रखमाजीच्या पुढ्यात. रखमाजीनं पदराकडं बघत दूध मोजून घेतलं. दुपारपर्यंत गावातली माणसं साहेबरावांना रस्त्यात थांबवून विचारायला लागली, "वहिनी, आज फॅट किती लागली?"

शनिवारी साधनाबाई सरावाला गेल्या त्या मोठ्या ऐटीत. "सर, मिल्किंग बंद केलं," त्यांनी गेल्या गेल्या सांगितलं.

"माशाल्ला. इतक्या जल्दी?"

साधनाबाईंनी पिस्तूल उचललं, माशी बसवली, चाप ओढला. सात. दुसरा मारला, सात. तिसरा तर सातच्याही खाली गेला.

"काकू, कुठं बंद केलं? हे काय, चालूच आहे."

"देवाशपथ सर. चार दिवस झाले, म्हशीला बोट लावलेलं न्हाई."

तौफिक सरांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. "म्हशीला?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. चाप फक्त पहिल्या बोटानं ओढायचा असतो. काकू तो ओढताना बाकीची तीन बोटंसुद्धा मुठीवर आवळतात, त्यामुळं नळी खाली डावीकडं झुकते. धार काढताना बोटं आवळतात तशी म्हणून इंग्रजीत त्या खोडीला मिल्किंग म्हणतात. म्हशीचा काही संबंध नाही. शहरातली माणसं, ज्यांनी म्हैस फक्त रस्ता अडवताना पाहिलीय, त्यांनासुद्धा हाच दोष असतो. एवढं सांगून झाल्यावर सरांना काकूंकडून काकांच्या लुगड्याचं कळलं, आणि ते हसत हसत गुलाबी फरशीवर बसले.

साधनाबाईही पोट धरून हसल्या. मग एकदम त्यांनी चष्मा काढला. "सर," त्या म्हणाल्या, "हे आमच्या मालकांना सांगू नका."

"काकू, मला झूठ बोलायला लावता?"

"झूठ नका बोलू. गप राहा फकस्त. स्पर्धेपर्यंत." त्यांनी चष्मा पुसला. "मला पहाटेचा वेळ मिळून राह्यला सर. ते उठून जातेत, घर शांत असतंय. मी भिंतीपुढं उभी राहून सराव करते. मला कधी असा वेळ मिळाला न्हवता."

 तौफिक सरांनी कानाच्या पाळीला हात लावला, तोबा म्हटलं आणि कबूल केलं.

खरी खोड मोडायला सरांनी औषध काढलं ते भुईमुगाच्या शेंगेचं. करंगळी आणि पिस्तुलाची मूठ यांच्या मध्ये एक शेंग ठेवायची आणि छर्रा न भरता चाप ओढायचा. शेंग फुटली, म्हणजे बोटं आवळली. साधनाबाईंनी पहिल्या आठवड्यात एवढ्या शेंगा फोडल्या, की घरात चटणीचा डबा भरला. साहेबराव भाकरीबरोबर ती चटणी खायचे आणि म्हणायचे, "औंदा शेंगदाणा लई स्वस्त झालाय का?" साधनाबाई मान खाली घालून भाकरी वाढायच्या.

त्यांना लाज वाटत नव्हती असं नाही. साहेबरावांची बोटं सुजली होती. जेवताना घास नीट धरता येत नव्हता. एकदा तर आज सांगूनच टाकावं असं ठरवून त्या गोठ्याच्या दारापर्यंत गेल्या. आत लुगड्यातले साहेबराव चिमणीला म्हणत होते, "बाई, तुझ्या पाया पडतो, आज लाथ मारू नको, लई थकलोय." साधनाबाई तशाच मागं फिरल्या. सांगितलं तर उद्यापासून पहाट गेली, सराव गेला, पुणं गेलं. त्यांनी सुजलेल्या बोटांना तेल चोळून दिलं, आणि चोळताना त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं नाही.

महिनाभरात घरच्या भिंतीपुढं शेंग शाबूत राहू लागली. गोदामात खरा कागद समोर आला की मात्र ती फुटायचीच. तौफिक सर डोकं धरून बसायचे. "काकू, माशी बसली की तुम्हाला वाटतंय, आत्ताच्या आत्ता पकडा, न्हाई तर हातचं जाईल. मंग सगळी मूठ आवळते. शॉट पकडायचा नसतो. बोट चालत राहू द्यायचं, तो आपोआप सुटतो."

ऐकायला सोपं होतं. पण साधनाबाईंच्या घरात आपोआप काहीच होत नसे. दूध आपोआप उतू तेवढं जायचं. पकडलं नाही तर पडतं, हे शिकत जिचा जन्म गेला, तिला सोडून द्यायला सांगणं म्हणजे म्हशीला उडायला सांगण्यासारखंच.

निवड चाचणीच्या दिवशी साहेबराव म्हणाले, "आज मी आत बसून बघणार." आजवर ते बाहेर मोटारसायकलवर बसून मोबाइल बघायचे.  आत प्रेक्षकांना बसायला एकच बाक होता, आणि त्या बाकावर तौफिक सर बसले होते. कुठलीही गोष्ट पोटात न राहणारे तौफिक सर.

तिघी ओळीत उभ्या राहिल्या. उजवीकडं मैमूना मॅडम, निवृत्त शिक्षिका, ज्यांचा हात इतका स्थिर की त्यावर पेला ठेवावा. डावीकडं अंबडच्या कोर्टात काम करणाऱ्या अक्षता मॅडम. दोन वर्षं याच दोघी पुण्याला जात होत्या. स्पर्धा सुरू झाली. साधनाबाईंनी पहिला शॉट नीट मारला, दुसरा नीट मारला. मग मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली. साहेबराव काहीतरी विचारत होते. सर उत्तर देत होते. आणि त्या कुजबुजीतून एक शब्द स्वच्छ वर आला, मिल्किंग.

छर्रा सात वाजता.

आता कान मागं, डोळे पुढं आणि जीव मध्ये लोंबकळलेला, अशी त्यांची गत झाली. मागं साहेबराव हसले का? का रागावले? चाप. सात. सर आता म्हशीचं सांगत असतील. चाप. पुन्हा सात. शेंगांच्या चटणीचं पण सांगितलं असेल. पाच-सहा छर्रे असे वाया गेले. डावीकडं अक्षता मॅडम शांतपणे पुढं जात होत्या.

साधनाबाईंनी पिस्तूल समोरच्या टेबलावर ठेवलं. वेळ अजून होता. त्यांनी डोळे मिटले. महिनाभर आपण हे दाबून धरलंय, त्यांना वाटलं, आणि ज्याच्यापासून धरलंय तो माणूस मागं बसलाय सुजलेली बोटं घेऊन. त्या एकदम थकल्या. कळू दे. त्याला आता कळत असेल तर कळू दे, नसेल तर बाहेर गेल्यावर मी स्वतः सांगीन. मग पहाट जाईल, पुणं जाईल. जाऊ दे.

त्यांनी पिस्तूल उचललं. मागं कुजबुज चालूच होती, पण आता ती कुणाची का असेना. माशी खाचेत बसली. बोट चालत राहिलं. आणि छर्रा सुटला तेव्हा साधनाबाई स्वतःच दचकल्या, कारण अजून सुटायचा आहे असं त्यांना वाटत होतं. भोक काळ्या वर्तुळाच्या बरोब्बर मध्यावर होतं. दुसराही तसाच सुटला. तिसराही, आणि शेवटपर्यंतचे बहुतेक. करंगळी मुठीवर नुसती टेकलेली होती, जशी घरचं माणूस झोपलेलं असताना त्याच्या अंगावर हात टेकवावा.

निकाल लागला. मैमूना मॅडम पहिल्या. साधनाबाई दुसऱ्या, एका गुणानं. अक्षता मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता तिसऱ्या नंबरचं कौतुक कसं करून घ्यायचं, ते तुम्ही मला शिकवा."

सगळे आनंदात होते तेव्हाच साधनाबाईंनी साहेबरावांना बाजूला घेतलं, नाही तर पुन्हा धीर झाला नसता. "अहो, एक सांगायचंय. मिल्किंगचा आन म्हशीचा काही संबंध न्हाई. बोटं आवळण्याला तसं म्हनतेत. मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं न्हाई. मुद्दाम."

साहेबरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. बोटं लई दुखून राह्यलीत, अजून किती दिवस, म्हून सरांना फोन लावला. ते पोरगं हसायलाच लागलं. मंग मला असा राग आला, म्हटलं आज घरात जाऊन हिचा समाचारच घ्यावा. बादली घेऊन आलो तर तू भिंतीपुढं उभी. हात लांब केलेला. मी दारात हाय, हे बी तुला कळलं न्हाई."  पुढचं त्यांना नीट सांगता येईना. "सव्वीस वर्षं झाली लग्नाला. घरात माझी चाहूल लागली आन तू वळून बघितलं न्हाई, असं पहिल्यांदा झालं. मला ते चांगलं वाटलं. मी तसाच मागं फिरलो. सरांना म्हटलं, मला कळलंय हे तिला सांगू नका, न्हाई तर शरमेनं ती पुन्हा गोठ्यात येईल."

लांब उभ्या तौफिक सरांनी दोन्ही हात जोडले. "काकू, दोघांनी मला कसम घातली होती. महिनाभर माझं जेवण पचलं न्हाई. आज आत बसल्या बसल्या काकांना म्हटलं, ते मिल्किंगचं आता तरी सांगून टाका, तर म्हनले, गप बसा, ती ऐकंल."

 घरी पोचेपर्यंत मोटारसायकलवर साधनाबाईंनी साहेबरावांच्या पाठीला कपाळ टेकवून ठेवलं होतं, रस्त्यानं येणारे-जाणारे बघत होते तरी.

घरी आल्यावर त्यांनी पदर खोचला आणि बादली उचलली. "द्या, आज मी काढते. तुमची बोटं बघा कशी झालेत."

"ठेव ती खाली," साहेबराव म्हणाले. ते खुंटीवरचं लुगडं काढत होते. "पुण्याहून येईस्तोवर म्हशीला हात लावायचा न्हाई."

"अहो, पण सरांनीच सांगितलं ना, म्हशीचा संबंध न्हाई म्हून."

"सर लेकरू हाय. त्याला म्हशीतलं काय कळतंय?" त्यांनी पदर डोक्यावर घेतला, बरोबर बसला का ते चाचपलं आणि बादली तिच्या हातातून काढून घेतली. "संबंध असो, नसो. तू तुझा सराव कर."

आणि ते गोठ्यात गेले. साधनाबाईंना आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि ओट्याला टेकून उभ्या राहिलेल्या त्या बाईनं दोन्हींतलं काहीच आवरून धरलं नाही.